सॉफ्टवेअरच्या नोकरीतून विज्ञानाच्या डेटाकडे: पावसाच्या नोंदी हाताशी धरून

सॉफ्टवेअरमध्ये पाच-दहा वर्षं काढलेली आणि आता विज्ञानाच्या जवळचं काहीतरी करावंसं वाटणारी माणसं मला वरचेवर भेटतात. कोणी बँकेची सिस्टीम सांभाळत असतं, कोणी टेस्टिंगमध्ये असतं, कोणी ई-कॉमर्सच्या बॅकएंडमध्ये. पहिला प्रश्न जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो: मशीन लर्निंगचा कोणता कोर्स करू?

माझं म्हणणं असं, की कोर्स नंतर बघू. आधी एखादं मोजमाप निवडा. पाऊस, ताऱ्याचा प्रकाश, नदीची पातळी, प्रथिनाची रचना, काहीही चालेल. ते कोण मोजतं, कशानं मोजतं, किती वाजता मोजतं, आणि तो आकडा तुमच्या फाइलपर्यंत येईतो त्याचं काय काय होतं, हे मुळापासून समजून घ्या. कोड तुम्हाला लिहिता येतोच. विज्ञानाच्या डेटाचं काम करणाऱ्याला बाकीच्या डेटावाल्यांपेक्षा जे वेगळं यावं लागतं, ते म्हणजे आकड्यामागचं मोजमाप. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

माझी स्वतःची वाट सरळ नव्हती. बँकेच्या रात्रीच्या बॅच जॉबपासून सुरुवात, मग मोबाइल अॅपचा बॅकएंड, मग डेटा पाइपलाइन, आणि आता पाऊस आणि पूर यांवर काम करणाऱ्या एका गटात. म्हणून इथली उदाहरणं पावसाची आहेत. खगोलशास्त्रात किंवा जीवशास्त्रात जायचं असलं तरी पायऱ्या याच राहतील, फक्त उपकरणं बदलतील.

पायरी १: जुन्या नोकऱ्यांचा हिशेब मांडा

वेगवेगळ्या प्रकारची कामं केलेली असणं या क्षेत्रात अडचणीचं ठरत नाही. उलट, एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि प्रत्येक नोकरीनं काय शिकवलं ते लिहा. तंत्रज्ञानांची नावं लिहू नका, सवयी लिहा.

बँकेत काम केलं असेल तर ताळमेळ जुळवायची सवय असते: सकाळी इकडची बेरीज आणि तिकडची बेरीज सारखी आली पाहिजे, एक रुपयाही इकडेतिकडे चालत नाही. हवामानाच्या डेटात हीच सवय फार मोलाची ठरते. टेस्टिंग केलेल्या माणसाला कडेच्या स्थिती आपोआप सुचतात: २९ फेब्रुवारीला काय होईल, केंद्र बंद असेल तर शून्य येईल की रिकामं येईल. सपोर्टमध्ये काढलेली वर्षं लॉग वाचायला शिकवतात, आणि उपकरणाच्या नोंदी हाही एक लॉगच असतो. फ्रंटएंडवाल्याला नकाशे आणि आलेख नीट काढता येतात. हे काम संशोधक बहुतेक वेळा घाईत उरकतात. एम्बेडेडमधला माणूस तर थेट उपकरणाशी बोलू शकतो, त्याला सगळ्यांत जवळची वाट आहे.

वैज्ञानिकांच्या गटात बहुतेकांना विज्ञान उत्तम येतं. पण तीन वर्षांपूर्वीचा कोड आज तसाच चालवून दाखवणं मात्र पुष्कळांना जड जातं. गिट, टेस्ट, आपोआप चालणारी तपासणी, नीट लिहिलेली माहितीपत्रिका, या तुमच्या रोजच्या गोष्टी तिथे खरोखर हव्या असतात. या भूमिकेला २०१२ साली ब्रिटनमध्ये नाव मिळालं: रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपल्याकडे हे पदनाम अजून क्वचित दिसतं, पण काम आहे.

पायरी २: एक विज्ञान निवडा, आणि त्यातला एकच प्रश्न

'मला क्लायमेटमध्ये काम करायचंय' हा प्रश्न नाही. 'माझ्या तालुक्यात जूनमधला पहिला मोठा पाऊस गेल्या पन्नास वर्षांत पुढे सरकलाय का?' हा प्रश्न आहे. त्याला डेटा लागतो, व्याख्या लागते, उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं, आणि ते चूक ठरू शकतं.

निवडताना जवळपास काय आहे ते जरूर बघा, कारण प्रत्यक्ष जाऊन बघता येणं याला पर्याय नाही. या बाबतीत पुण्याच्या आसपास राहणारे भाग्यवान आहेत. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं, की हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीचं हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हवामानाच्या जुन्या नोंदींचं मोठं काम पुण्यातच राहिलं. १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम, पाषाणला आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीच्या आसपास, तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. एकदा जाऊन या. अँटेनाखाली उभं राहून तिथल्या इंजिनिअरला प्रश्न विचारले, की 'डेटा' या शब्दाला वजन येतं.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. स्क्वेअर किलोमीटर अॅरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीत भारताच्या सहभागाला केंद्र सरकारनं १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवर एनसीआरएबरोबर पुण्यातल्या कंपन्यांचे इंजिनिअरही काम करत आले आहेत. म्हणजे नोकरी न सोडताही विज्ञानाच्या कामात शिरायची वाट कधीकधी आपल्याच उद्योगातून जाते.

निवड करताना फार घोळत बसू नका. पहिला विषय आयुष्यभराचा नसतो.

पायरी ३: आकडा कसा जन्माला आला ते शिका

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. नवखे लोक बरोबर हीच पायरी ओलांडून पुढे पळतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

भारतीय हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा जाळीदार डेटा कोणालाही उतरवून घेता येतो. १९०१ पासून आजपर्यंत, पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाच्या चौकटीत, प्रत्येक दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये. आता त्यातला एक आकडा घ्या आणि त्याला प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: 'दिवस' म्हणजे कोणता? पर्जन्यमापकाचं वाचन सकाळी साडेआठला होतं. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेवर लिहिला जातो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण डेटात तो २७ जुलैच्या नावावर सापडेल, कारण मोजणी २७ तारखेच्या सकाळी पूर्ण झाली. ज्याला हे ठाऊक नाही तो २६ तारखेची नोंद उघडतो आणि गोंधळतो.

यातूनच दुसरी अडचण निघते. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा डेटा (निरीक्षणं आणि संगणकी प्रतिमान, म्हणजे मॉडेल, यांची सांगड घालून बनवलेला) दर तासाचा असतो, पण त्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली सकाळची साडेआठ म्हणजे यूटीसीची पहाटेची तीन. ईआरए५ चा 'दिवस' मध्यरात्र ते मध्यरात्र धरून बेरीज केलीत आणि हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहिलीत, तर दोन्ही डेटा बरोबर असूनही जुळणार नाहीत. बेरीज तीन ते तीन करावी लागते. वेळेच्या टाइमझोनशी झगडलेल्या बॅकएंडवाल्याला हे लगेच उमगेल. नुसता कोर्स केलेल्याला नाही.

दुसरा प्रश्न: 'इथे' म्हणजे कुठे? पाव अंशाची चौकट आपल्या भागात साधारण २७ किलोमीटरची होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की चित्र पार पालटतं. हे अंतर एका-दोन चौकटींतच संपतं. त्याच २००५ च्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी असताना कुलाब्याला सुमारे ७३ मिमीच नोंद झाली. चौकटीतला आकडा म्हणजे आसपासच्या केंद्रांची, जवळच्याला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी. त्या आकड्याला 'माझ्या गावचा पाऊस' म्हणता येत नाही.

हा नुसता तांत्रिक कीस नाही. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस नोंदला गेला, की तिथे अतिवृष्टी धरली जाते, आणि पिकाच्या नुकसानभरपाईचा विचार त्यावर उभा राहतो. महावेध प्रकल्पातली दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं त्यासाठीच मंडळानुसार बसवली आहेत. केंद्र मंडळाच्या एका टोकाला आणि ढगफुटी दुसऱ्या टोकाला झाली तर शेतकऱ्याच्या हातात काय येतं, याचा विचार करूनच अशा डेटाला हात लावावा. मला या कामाची ओढ लागली ती यामुळेच.

तिसरा प्रश्न: आकडे कोणत्या काळात किती केंद्रांवरून आले? जाळीचा हा डेटा एकूण ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींतून बनवला गेला, पण सगळी केंद्रं सगळ्या काळात नव्हती. काही नवी आली, काही बंद पडली. समजा एखाद्या डोंगराळ भागात १९७० नंतर नवं केंद्र आलं, तर तिथला पाऊस १९७० पासून 'वाढलेला' दिसेल. आकाशात काहीच बदललेलं नसेल, फक्त मोजणारा नवा आला असेल. दीर्घकालीन कल शोधणारे संशोधक म्हणूनच अनेकदा सगळ्या काळात टिकून राहिलेलीच केंद्रं निवडतात.

चौथा प्रश्न: शून्य आणि 'नोंद नाही' यांत फरक कसा दाखवलाय? या पावसाच्या फाइलमध्ये नोंद नसलेल्या जागी उणे ९९९ असतं. तापमानाच्या फाइलमध्ये तेच ९९.९ असतं. पहिल्यात चूक झाली तर लगेच कळते, कारण पाऊस उणे नसतो. दुसऱ्यात मात्र ९९.९ सरासरीत गुपचूप मिसळतो आणि तापमान नुसतं थोडं जास्त वाटतं.

पाचवा प्रश्न एककांचा. हवामान खातं मिलिमीटर देतं, ईआरए५ पाऊस मीटरमध्ये देतं, आणि हवामान प्रतिमानं बहुतेक वेळा दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती किलोग्रॅम पाणी पडलं ते देतात. त्याला ८६,४०० नं गुणलं की रोजचे मिलिमीटर मिळतात. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, कारण एक सॉफ्टवेअर पौंडाच्या एककात आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटनचे समजून वापरत होतं. तेव्हा व्हेरिएबलच्या नावात एकक लिहायची सवय आजच लावून घ्या.

या पाच प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून काढा. ज्या कोणत्या डेटाला हात लावाल, त्याचं असं पान आधी तयार करा. खगोलशास्त्रात प्रश्न वेगळे दिसतील: वेध कधी घेतला, मोबाइल टॉवरचा उपद्रव कोणत्या कंप्रतेवर आहे, कोणत्या ओळखीच्या स्रोतावर दुर्बीण जुळवून घेतली. पण मूळ तेच.

पायरी ४: फाइल हातानं उघडा

हवामान खात्याचा डेटा दोन रूपांत मिळतो: नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटाचा एक प्रचलित फाइल प्रकार) आणि साधी बायनरी. आयएमडीलिब नावाच्या पायथनच्या लायब्ररीनं तो एका ओळीत उतरवता येतो. रोजच्या कामाला ती वापराच. पण पहिल्यांदा एका वर्षाची बायनरी फाइल नम्पायनं स्वतः वाचा, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

जाळी १३५ रेखांश गुणिले १२९ अक्षांशांची आहे, म्हणजे रोज १७,४१५ आकडे. वर्षाचे ३६५ दिवस आणि दर आकड्याला चार बाइट धरले, तर फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची असायला हवी. लीप वर्षाची २,५४,९५,५६०. आकार जुळला नाही तर पुढे जाऊच नका. डाउनलोड अर्धवट झालंय किंवा तुमचा समज चुकलाय. बँकेतला ताळमेळ म्हणतात तो इथे असा उपयोगी पडतो.

मग नकाशा काढा. पहिल्या खेपेला भारत उलटा दिसण्याची बरीच शक्यता आहे: कन्याकुमारी वर, काश्मीर खाली. कारण फाइलमधली पहिली ओळ साडेसहा अंश उत्तर अक्षांशाची, म्हणजे दक्षिण टोकाची असते, आणि चित्र काढणाऱ्या लायब्रऱ्या पहिली ओळ वर धरतात. नकाशा सरळ करा, ठाऊक असलेली जागा शोधा, कोकणपट्टी जुलैत निळीगर्द दिसते का पाहा, सोलापूर-सांगलीचा पट्टा फिका दिसतो का पाहा. डोळ्यांनी ओळखीचं चित्र दिसल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका.

यानंतर एक्सअॅरे ही पायथनची लायब्ररी शिका. पांडासमधून आलेल्यांना ते परकं वाटत नाही. फरक एवढाच, की तक्त्याऐवजी वेळ, अक्षांश आणि रेखांश अशा तीन मिती असतात आणि प्रत्येकीला नाव असतं. 'पहिल्या अक्षावर सरासरी काढ' असं सांगण्याऐवजी 'वेळेवर सरासरी काढ' असं सांगता येतं, त्यामुळे निम्म्या चुका जागच्या जागी टळतात.

आणि एक विनंती. वैज्ञानिक डेटा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, बघायलाही शक्यतो नको. जनुकांची सेप्ट२, मार्च१ अशी नावं एक्सेलनं तारखा समजून बदलली, आणि २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलावी लागली.

पायरी ५: संख्याशास्त्र थोडं शिका, पण पक्कं

मशीन लर्निंग आता शिकायला हरकत नाही. फक्त पावसावर ते वापरताना तीन खड्डे आधी ओळखून ठेवा.

एक, बहुतेक दिवशी बहुतेक ठिकाणी पाऊस नसतो. 'उद्या पाऊस नाही' असं रोज म्हणणारं प्रतिमानही कोरड्या भागात टक्केवारीत हुशार दिसतं. म्हणून अचूकतेची टक्केवारी सांगू नका. आलेला मोठा पाऊस किती वेळा पकडला आणि किती वेळा उगाच इशारा दिला, हे दोन्ही वेगळं सांगा.

दोन, आजचा पाऊस कालच्याशी आणि शेजारच्या चौकटीशी बांधलेला असतो. नेहमीप्रमाणे डेटा पिसून ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला ठेवलात, तर तपासणीतल्या दिवसाचे दोन्ही शेजारी प्रतिमानानं आधीच पाहिलेले असतात. निकाल सुंदर येतो आणि प्रत्यक्षात कोसळतो. सलग वर्षं वेगळी काढा: समजा १९५१ ते २००० शिकायला आणि त्यापुढची तपासायला.

तीन, तुलना कशाशी करताय? 'दर वर्षी या तारखेला सरासरी जेवढा पडतो तेवढा' आणि 'काल पडला तेवढाच आज', हे दोन फुकटचे अंदाज आधी काढा. तुमच्या प्रतिमानानं निदान या दोघांना हरवलं पाहिजे. हरवलं नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहा. असं लिहिणाऱ्याकडे संशोधक आदरानं बघतात.

बाकी शाळेपासून शिकलेली सरासरी इथे फसवते, हेही ध्यानात घ्या. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलं, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात पावसाच्या सरासरीत ठळक बदल नव्हता, पण मोठ्या पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या होत्या. एकानं दुसऱ्याला झाकून टाकलं होतं. शेतात उभ्या माणसाला या दोन पावसांतला फरक सांगावा लागत नाही, आपल्याला मात्र आलेख काढावा लागतो.

पायरी ६: एक पूर्ण काम करून दाखवा

वर सांगितलेला अभ्यास पुन्हा करून बघणं हा पहिला प्रकल्प म्हणून मला फार आवडतो. साडेसोळा ते साडेसव्वीस अंश उत्तर आणि साडेचौऱ्याहत्तर ते साडेशहाऐंशी अंश पूर्व ही त्यांची चौकट. जून ते सप्टेंबर हा काळ घ्या. रोजच्या १०० मिमीवरच्या आणि ५ ते १०० मिमीमधल्या घटना दर वर्षी मोजा. त्यांनी एक अंशाची जाळी आणि ठरावीक १,८०३ केंद्रांचा डेटा वापरला होता. तुम्ही पाव अंशाची नवी जाळी घ्याल, तेव्हा आकडे हुबेहूब येणार नाहीत. ते का येत नाहीत हे समजावून सांगणं, हाच खरा प्रकल्प आहे. मग २००० नंतरची वर्षं जोडा.

काम सादर करताना कोड गिटहबवर ठेवा. दुसऱ्या माणसाला नव्या यंत्रावर एक आज्ञा देऊन तेच आलेख काढता आले पाहिजेत. वर सांगितलेलं पाच प्रश्नांचं पान माहितीपत्रिकेत घाला. फाइलचा आकार, उणे ९९९, लीप वर्ष या सगळ्यांच्या टेस्ट लिहा. ती प्रत झेनोडो या संशोधनाचा डेटा आणि कोड जपणाऱ्या संकेतस्थळावर टाकली की तिला कायमचा क्रमांक मिळतो आणि कोणालाही तिचा संदर्भ देता येतो. लायब्ररी म्हणून उपयोगी असं काही तयार झालं, तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये छोटा लेख देता येतो. तिथे परीक्षक तुमचा कोड खरोखर चालवून बघतात.

दहा अर्धवट नोटबुकांपेक्षा असं एक काम पुरेसं आहे.

पायरी ७: माणसांत जा

वैज्ञानिक पायथनची मुळंच अशा माणसांत आहेत. मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी लिहिणारा जॉन हंटर मेंदूविज्ञानात काम करत होता आणि त्याला अपस्माराच्या रुग्णांचे विद्युत आलेख बघायचे होते. त्रिमितीय चित्रं काढणारं मायावी आपल्या आयआयटी मुंबईतल्या प्रभू रामचंद्रन यांचं. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं शिकण्याचं साहित्य मोफत आहे.

ओपन सोर्समध्ये सुरुवात करताना मोठं काही शोधू नका. एक्सअॅरे, अॅस्ट्रोपाय (खगोलशास्त्राची लायब्ररी) किंवा आयएमडीलिब वापरताना माहितीपत्रिकेत जिथे अडलात, तीच जागा सुधारून पाठवा. गुगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्समध्ये नवख्यांना मार्गदर्शकाबरोबर काम देणारा उपक्रम २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्यांनाही खुलं आहे, आणि त्यात खगोल आणि विज्ञानाच्या संस्था असतात.

संशोधकांना लिहायला संकोच करू नका, पण रीतसर लिहा. 'सर, मला तुमच्या गटात संधी द्या' अशा पत्राला उत्तर येत नाही. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला एक आलेख स्वतः काढून बघा, आणि जिथे जुळलं नाही तिथला नेमका प्रश्न चार ओळींत विचारा. माझ्या अनुभवात अशा पत्राला बहुतेक जण उत्तर देतात, आणि तेही आपुलकीनं. आयुकाची आणि इतर संस्थांची सार्वजनिक व्याख्यानं ऐकायला जा. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जातं, पण सहा महिन्यांत शब्द ओळखीचे होतात.

पायरी ८: पैसा, पदवी, जाहिरात

इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण घरात पहिला प्रश्न हाच निघतो.

सरकारी संशोधन संस्थांत पगार सॉफ्टवेअरच्या मानानं कमी असतो. ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. प्रोजेक्ट सायंटिस्टच्या पहिल्या पायरीला अलीकडच्या जाहिरातींत ५६,००० आणि घरभाडे भत्ता असतो, वयाची अट साधारण ३५. दुसऱ्या पायरीला ६७,००० आणि वय ४०. ही पदं कंत्राटी असतात, मुदत प्रकल्पाशी बांधलेली असते. घरकर्जाचा हप्ता मोठा असेल तर हा आकडा जोडीदाराबरोबर बसून आधी बघा, उत्साहात राजीनामा देऊ नका. नोकरीत राहून वर्षभर शनिवार-रविवारी पहिल्या सहा पायऱ्या पूर्ण होऊ शकतात.

मधल्या वाटाही आहेत. पीक विमा, पुनर्विमा, पवन आणि सौर ऊर्जा, धरणांचं पाणी सोडण्याचं नियोजन, खासगी हवामान कंपन्या, औषधनिर्मिती: इथे पगार बरा असतो आणि काम खऱ्या मोजमापांचं असतं. विज्ञानात पाय रोवायला मला ही वाट पुष्कळांसाठी जास्त योग्य वाटते.

पदवीबद्दल: संस्थेच्या आत शिरायला अनेक पदांसाठी एमएस्सी किंवा एमटेक लागतं. बीई असाल तर जाहिरातीतली पात्रतेची ओळ अक्षर न अक्षर वाचा, कारण छाननी त्यावरच होते. गेटमध्ये २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा वेगळा पेपर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. स्वतःचा वैज्ञानिक प्रश्न आयुष्यभर धरून चालायचं असेल तरच पीएचडीचा विचार करा. दुसऱ्यांच्या प्रश्नांना भक्कम पाया बांधून देण्यात आनंद वाटत असेल तर तिची गरज नाही.

जाहिराती आयआयटीएम, हवामान खातं, एनसीआरए, आयुका, सी-डॅक, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर यांच्या संकेतस्थळांवर येतात. नोकरीच्या नेहमीच्या पोर्टलवर त्या बहुधा दिसत नाहीत, आणि अर्जाची मुदत दोन-तीन आठवड्यांचीच असते. म्हणून त्या पानांवर बदल झाला की कळवणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. मार्कशीट, अनुभवाची पत्रं, जातीचा दाखला लागत असेल तर तो, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये तयार असू द्या.

मुलाखतीत पॅनेलवर वैज्ञानिक बसलेले असतात. त्यांना मायक्रोसर्व्हिसेस किती बांधल्या यात रस नसतो. तुमच्या प्रकल्पातला एक आलेख छापून न्या, तो टेबलावर ठेवा, आणि त्यातला सगळ्यांत वरचा बिंदू खरा पाऊस आहे की नोंदीतली चूक, हे तुम्ही कसं ठरवलंत ते सांगायला सुरुवात करा.